मोघम कारण चालणार नाही

माझ्या खोलीच्या दारामागे एक सूचना लावलेली होती, काचेच्या चौकटीत. दर शनिवारी मी ती काच ओल्या फडक्याने पुसायचे. नव्या मॅडम विभागप्रमुख म्हणून आल्या त्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या, ती काढून टाका, आता तिचं काही काम नाही. मी हो म्हणाले आणि काढली नाही. दोन वर्षं काढली नाही. काम मॅडमच्या पद्धतीनेच चालायचं, सूचना कुणालाच लागू नव्हती. ती मी फक्त एका माणसासाठी जपून ठेवली होती. ज्याने ती लिहिली, त्याच्यासाठी. तो आज ना उद्या माझ्या टेबलावर येणार हे मला पक्कं माहीत होतं. माणसाने किती काळ डूख धरावा, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. मला त्याची लाज वाटत नाही.

त्याला मी इथे अहोजाहो करणार नाही. समोर चौदा वर्षं केलं, पुरे झालं.

मी हाडं मोजते. माणूस टेबलावर उताणा झोपतो, मशीनचा हात त्याच्यावरून सरकतो, स्क्रीनवर मणका उमटतो आणि शेजारी एक आकडा. आकडा शून्याच्या आसपास असेल तर हाड शाबूत. मायनस अडीचच्या खाली गेला की हाड पोकळ व्हायला लागलं समजायचं. बहुतेकांच्या बाबतीत काम एवढंच असतं. किडनी गेलेल्या माणसाचं मात्र गणित वेगळं. त्याच्या गळ्यातल्या चार बारक्या ग्रंथी चवताळतात आणि हाडातला चुना, म्हणजे कॅल्शियम, ओढून रक्तात आणतात. तो चुना जाऊन रक्तवाहिन्यांच्या भिंतीत बसतो. पोटातली मोठी रक्तवाहिनी नेमकी मणक्याच्या पुढून जाते. मशीनला चुना दिसतो, पण तो हाडातला की नळीतला हे तिला कळत नाही. ती दोन्ही एकात धरते आणि म्हणते, वा, काय दणकट मणका आहे. थोडक्यात, मशीनलाच चुना लागतो. म्हणून अशा माणसाचा हात मोजायचा, मनगट आणि कोपराच्या मधलं हाड. तिथे आड यायला काही नसतं, आणि हा आजार हाताचं हाड लवकर खातो. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं मी नव्या पोरींना शिकवते, म्हणजे त्यांच्या लक्षात राहतं.

माझी थोरली जाऊ किडनीची पेशंट. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, डाव्या हातावर त्यासाठी शीर जोडलेली. जावा जावा उभा दावा म्हणतात, तसा आमचाही होता. मीठ कमी पडलं, पंखा चालू राहिला, ओला टॉवेल खुर्चीवर टाकला, काहीही पुरायचं. पण माझी दोन्ही पोरं वर्षभराची होईपर्यंत तिच्याच कुशीत झोपली. ती घरी शाळेचे गणवेश शिवायची, एका पायाने मशीन चालवायची आणि दुसऱ्या पायाने पाळणा हलवायची, म्हणून माझी नोकरी टिकली. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. तिनेही कधी ऐकवलं नाही.

सहा वर्षांपूर्वी तिची हाडं दुखायला लागली. आधी टाचा, मग बरगड्या, मग मांडी. मीच तिला माझ्या टेबलावर आणलं. मणका स्क्रीनवर उमटला आणि आकडा आला प्लस शून्य पॉइंट चार. खुबा काठावर. पण मणक्याला लागून मला दुसरी एक पांढरी रेघ दिसली, थोडी वाकडीतिकडी, वरून खाली गेलेली. ती नळी होती, चुन्याने भरलेली. मी साहेबाला बोलावलं. तेव्हा विभागप्रमुख तो. म्हटलं, सर, मणक्याचा आकडा फसवा वाटतोय, हात घेऊ का? दहा मिनिटं लागतील.

तो स्क्रीनकडे न बघताच मला म्हणाला की मशीनची बटणं दाबायचा पगार मिळतो, तेवढीच दाबायची. थोरली टेबलावर पडल्या पडल्या ऐकत होती. मग तिच्याकडे वळून, अगदी गोड आवाजात, म्हणाला, "वय झालं की हाडं कुरकुरतातच, बाई. कामात मन रमवा."

ती तेव्हा सत्तेचाळीसची होती.

दुसऱ्या दिवशी दारामागे ती सूचना लागली. हाडांच्या तपासणीत फक्त मणका आणि खुबा घ्यावा. हाताची तपासणी हवी असल्यास मागणी करणाऱ्या डॉक्टरने स्वतःच्या हस्ताक्षरात कारण लिहून सही करावी. आणि खाली लाल अक्षरांत, मोघम कारण चालणार नाही. एवढं सगळं लिहायला कुठल्या डॉक्टरला सवड असते? त्या वर्षात एकाही किडनीच्या पेशंटचा हात मोजला गेला नाही. दिवसाला तीस माणसं मात्र बरोब्बर निघायची.

घरी रिपोर्ट गेला. मणका उत्तम, खुबा काठावर, काळजीचं कारण नाही. आमच्या सासूबाई म्हणाल्या, कागद चांगला आहे मग हिला दुखतंय कुठे? दीर, म्हणजे थोरलीचा नवरा, तिने मांडी धरली की तोंड फिरवायला लागला. मी एकदा हळूच सांगून पाहिलं की आकड्यावर जाऊ नका. तर थोरलीच म्हणाली, तुझे साहेब शिकलेले आहेत की तू? ती परत शिलाई मशीनवर बसली. कामात मन रमवलं तिने, सांगितल्याप्रमाणे.

चार महिन्यांनी ती मशीनच्या स्टुलावरून उठली. पडली नाही, घसरली नाही, कशाला अडखळली नाही. नुसती उठली आणि खुब्याचं हाड मोडलं. मी स्वयंपाकघरात होते, तिथवर आवाज आला. मला वाटलं लाकडी पट्टी मोडली.

दुसऱ्या हॉस्पिटलात तिचा हात मोजला. मायनस तीन पॉइंट चार. तिथला हाडांचा डॉक्टर दिराला म्हणाला की हे आधीच कळायला हवं होतं. दिराने तक्रार केली. महिन्याभराने साहेबाचं उत्तर आलं, हॉस्पिटलच्या छापील कागदावर, शिक्क्यासकट. तपासणीची पद्धत योग्यच होती. तंत्रज्ञाने रुग्णास टेबलावर तिरके झोपवल्यामुळे आकड्यात फरक पडला असावा.

नाचता येईना, अंगण वाकडं! मी तिरकं झोपवलं म्हणे. त्या फोटोत मणका फूटपट्टीने आखल्यासारखा सरळ होता. पण फोटो कोण बघतो? लोक शिक्का बघतात. ऑफिसात मला लेखी ताकीद मिळाली. घरात त्याहून वाईट झालं. दिराने ते पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं, आणि थोरलीने भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवसापासून माझं नाव तिरकी पडलं. आधी रागाने, मग सवयीने. तिरके, दार लाव. तिरके, फोन वाजतोय. पोरंसुद्धा हसून म्हणायची, त्यांना काय कळतंय.

नावाचं मी सोसलं असतं. पण थोरलीने मला तिच्या अंगाला हात लावू दिला नाही. ऑपरेशननंतर ती वॉकर धरून चालायला लागली, तरी उठताना कुणाचा तरी हात लागायचाच. मी पुढे झाले की म्हणायची, "तुझ्या हातून नको." आणि थांबायची. दीर येईपर्यंत, पोरं शाळेतून येईपर्यंत, कधीकधी तासभर त्याच खुर्चीत बसून राहायची. मी समोर उभी असताना. सहा वर्षं. खरं सांगायचं तर मधूनमधून माझाच माझ्यावरचा विश्वास उडायचा. झोपवली असेल का मी तिरकी? घाईत होते का? मग मी ऑफिसात जाऊन तो जुना फोटो उघडायचे, सरळ मणका बघायचे आणि बंद करायचे. मला एकच गोष्ट हवी होती. त्या माणसाच्या स्वतःच्या हाताने लिहिलेलं, की चूक माझ्या हाताची नव्हती.

तो निवृत्त झाला. नंतर कँटीनमध्ये कळलं की साखरेने त्याच्या किडन्या गेल्या, डायलिसिस सुरू झालं. बरोबरची नर्स चुकचुकली. मीही चुकचुकले, वरवर. मनात म्हटलं, आता येशील. किडनीचा माणूस हाडं मोजायला माझ्याकडे येणारच.

तो मंगळवारी आला, अकराच्या सुमाराला. यादीत नाव बघून मी सकाळीच चौकटीची काच पुसून ठेवली होती, शनिवार नसताना.

ओळखू येईना इतका वाळला होता. डाव्या हाताची बाही वर केलेली, त्याखाली जोडलेली शीर फुगलेली. मला बघून म्हणाला, अगं, तू अजून इथेच? मी म्हटलं, हो सर, इथेच. त्याला टेबलावर घेतलं. अगदी सरळ झोपवलं. खांदे एका रेषेत, कंबर एका रेषेत, दोनदा तपासलं. मशीनचा हात सरकला आणि मणका उमटला. शेजारी तीच पांढरी रेघ, थोरलीच्या दुप्पट जाड. आकडा प्लस शून्य पॉइंट सहा.

तो मान वळवून स्क्रीनकडे बघत होता. ही वेळ येईपर्यंत मी मनातल्या मनात शंभरदा ठरवून ठेवलं होतं की काय बोलायचं. पण सुरुवात त्यानेच केली. टेबलावरून उठता उठता, पाणी मागावं इतक्या सहज, तो म्हणाला, "हाताचंही काढून घे."

म्हणजे माहीत होतं! माझे कान तापले. मी दार लावून घेतलं, तशी त्यामागची सूचना समोर आली. म्हटलं, सर, हाताला लेखी कारण लागतं.

त्याने चष्मा शोधला, लावला, वाचलं. हे मीच लिहिलंय की, म्हणाला. मी म्हटलं, हो सर. तो म्हणाला, जुनं आहे गं, आता कुठे चालतं हे? मी म्हटलं, मॅडम रजेवर आहेत, मी नियम कसा मोडू? मी पडले बटणं दाबणारी. हे धडधडीत खोटं होतं, मॅडम दोन खोल्या सोडून बसल्या होत्या. पण बोलताना माझी पापणीसुद्धा हलली नाही.

मी त्याच्यापुढे कागद आणि पेन ठेवलं. तो स्वतः डॉक्टर, मागणी करणाराही तोच. त्याने लिहिलं, वैद्यकीय गरज, आणि सही करायला लागला. मी लाल ओळीकडे बोट दाखवलं. मोघम कारण चालणार नाही. मग खाली मान घालून हळूहळू लिहिलं, की मूत्रपिंडाच्या रुग्णांत रक्तवाहिनीतल्या कॅल्शियममुळे मणक्याचा आकडा खोटा वाढून दिसतो, रुग्ण नीट झोपवलेला असला तरीही, म्हणून हात मोजणं आवश्यक. नीट झोपवलेला असला तरीही, हे शब्द मी सांगितले. त्याने का म्हणून विचारलं नाही.

"हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?" मी विचारलं.

तो पेनाचं टोपण लावत होता. म्हणाला, "पहिल्यापासून. सगळ्यांनाच माहीत असतं. पण दिवसाला तीस काढायचे असतात ना."

मी म्हटलं, तेही लिहा. ते कशाला, म्हणाला. मग मी सांगितलं. शाळेचे गणवेश शिवणारी, सत्तेचाळीस वर्षांची, याच टेबलावर, दोन रेघा, हात घेऊ का विचारणारी मी, आणि तिरके झोपवल्याचं पत्र. सगळं सांगितलं, न रडता. तो आठवायचा प्रयत्न करत होता, खोटं कशाला बोलू. कपाळाला आठ्या पडल्या होत्या. शेवटी म्हणाला की इतके लोक येऊन गेले, एकेक कसा लक्षात राहील.

सहा वर्षं मी ज्याच्यासाठी दात ओठ खात होते, त्याच्या डोक्यात आम्ही एक दिवससुद्धा नव्हतो. मी प्रिंटरमधून मणक्याचा कागद काढला आणि त्याच्या हातात दिला. "हा घ्या तुमचा रिपोर्ट. प्लस शून्य पॉइंट सहा. दणकट आहात. घरी जा."

त्याचा चेहरा पडला. खोकला आला तरी बरगडीत कळ येते, म्हणाला. गळ्यातल्या ग्रंथी कापायच्या की नाही, हे त्याचा डॉक्टर हाताच्या आकड्यावर ठरवणार होता. मी म्हटलं, मग लिहा. हे नियमात बसत नाही, मला कळत होतं. आणि त्याने लिहिलं नसतं तर मी त्याला खरंच परत पाठवलं असतं का, असं कुणी विचारलं तर सांगते, पाठवलं असतं. त्या क्षणी तरी नक्की.

त्याने टोपण पुन्हा काढलं. लिहिलं, की हे मला सहा वर्षांपूर्वीही माहीत होते; तंत्रज्ञाने त्याच वेळी हात मोजण्याची सूचना केली होती, मी ती नाकारली. सही केली, खाली तारीख घातली. अक्षर त्याचंच होतं, ओळखीच्या सहीसकट.

मग मी त्याला खुर्चीत बसवलं. डावा हात शिरेचा, तो वापरायचा नाही. उजवा घेतला. ज्या हाताने लिहिलं तोच हात टेबलावर पालथा ठेवून पट्टा बांधला. हाड स्क्रीनवर उमटलं, कडा विरलेल्या, मध्ये मध्ये जाळी. मायनस तीन पॉइंट नऊ.

किती आला, त्याने विचारलं. मी सांगितलं. आता माझी पाळी होती. सहा वर्षं घोकलेलं वाक्य मी त्याच्याच गोड आवाजात म्हटलं, "वय झालं की हाडं कुरकुरतातच. कामात मन रमवा."

त्याने मान हलवली. म्हणाला, "हो, खरंय. मीही पेशंटना हेच सांगायचो."

झालं. मुसळ केरात. ज्याला झोंबायला हवं त्याला ते कळलंसुद्धा नाही. मी हाताचा आकडा रिपोर्टच्या सगळ्यात वर ठळक छापला, त्याच्या डॉक्टरला चुकूनही मणक्याचा दिसू नये म्हणून, आणि उठताना दोन्ही बाजूंनी धरून उठा एवढं सांगितलं. ते काम होतं, ते मी केलं. तो गेल्यावर चौकट उतरवली. भिंतीवर चौकोनी डाग राहिला. त्याने लिहिलेला मूळ कागद मॅडमच्या टेबलावर ठेवला, काय केलं तेही सांगितलं. मॅडमनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या की तुमच्याशी उद्या बोलते. जे व्हायचं ते होईल म्हटलं, आणि झेरॉक्स पर्समध्ये घालून घरी आले.

थोरली खिडकीपाशी खुर्चीत होती, मांडीवर शर्टांचा ढीग, बटणांचे दोरे कापत. दीर बाहेर गेला होता. मी कागद तिच्यापुढे धरला. हे काय, तिरके, म्हणाली. मी म्हटलं, वाचा ताई.

तिने कात्री बाजूला ठेवली. ओठ हलवत वाचलं, एकेक शब्द. रुग्ण नीट झोपवलेला असला तरीही, इथे थांबली. परत वरून वाचलं. मग शेवटपर्यंत गेली आणि सहीवर बोट ठेवून बसली. मी उभीच होते. तिच्या तोंडून काय येईल याची मला जेवढी भीती वाटत होती, तेवढी साहेबाची कधी वाटली नाही.

"त्याचा हात मोजलास?" तिने विचारलं.

"मोजला. मायनस तीन पॉइंट नऊ."

"माझ्यापेक्षा?"

"खाली."

"बरं झालं," ती म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली, दात आवळून. मला इतकं गार वाटलं की सांगता सोय नाही. सहा वर्षांत आम्ही दोघी पहिल्यांदा एका बाजूला होतो. मग ती आपल्या पायाकडे बघत राहिली, ऑपरेशनने आखूड झालेल्या. हळूच म्हणाली, "मी काही बरी झाले नाही त्याने."

तिने कागदाची घडी घातली, ब्लाऊजमध्ये खोचली, वर हाताने दाबून बघितली. म्हणाली, हे घरी आले की त्यांनाच वाचायला लावते, मोठ्याने, आईंसमोर. जसं ते पत्र वाचलं होतं तसंच. आणि पोरांनाही बोलावते. तिचा आवाज चिरकला, पण डोळे कोरडे होते. तिचा राग माझ्यापेक्षा मोठा आहे हे मला तेव्हा कळलं, आणि त्यातला थोडा तिचा स्वतःवरही होता.

मांडीवरचे शर्ट तिने एकेक करून खाली ठेवले. वॉकर हाताच्या अंतरावर होता. दीर यायला अजून तासभर होता. तिने तिकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि मग दोन्ही हात माझ्याकडे पुढे केले.

"तिरके," ती म्हणाली, "उठव मला."